मोबाईलमधला बाजार आणि आपण



वेतन आयोग, पेन्शन, रिक्त पदे, खाजगीकरण हे आपले नेहमीचे विषय. त्यांच्या मालिकेत आज आम्ही एक वेगळा विषय घेत आहोत. सोशल मीडिया म्हणजे काय आणि माल खपवणाऱ्यांना तो कशासाठी हवा असतो, हा तो विषय. काही जुने कार्यकर्ते म्हणतील, हा काय युनियनचा विषय झाला? आमचे म्हणणे असे की आज युनियनचा याहून जवळचा विषय शोधून सापडणार नाही. गँगमन असो, पॉइंट्समन असो, आरएमएसचा सॉर्टर असो की ग्रामीण डाक सेवक असो, प्रत्येकाच्या खिशात ही वस्तू आहे. ड्युटी संपल्यावरचा वेळ तिच्यात जातो. इटारसी, सिकंदराबाद, खरगपूर अशा घरापासून लांबच्या ठिकाणी नोकरी करणाऱ्या आपल्या मराठी भावांना तर गावाची खबर याच डबीतून मिळते. पण या डबीचा धनी कोण आणि त्याचे पोट कशावर चालते, याची चौकशी आपल्यापैकी किती जणांनी केली?

आधी मालक कोण ते पाहू. फेसबुक २००४ साली अमेरिकेत सुरू झाले, यूट्यूब २००५ साली, व्हॉट्सॲप २००९ आणि इन्स्टाग्राम २०१० साली. यूट्यूब २००६ मध्ये गूगलने विकत घेतले. फेसबुकने २०१२ मध्ये एक अब्ज डॉलरला इन्स्टाग्राम घेतले आणि २०१४ मध्ये सुमारे १९ अब्ज डॉलर मोजून व्हॉट्सॲप घेतले. म्हणजे सकाळी शुभप्रभातचे फूल पाठवतो ते व्हॉट्सॲप, साहेबाच्या बदलीचा फोटो बघतो ते फेसबुक आणि पोरे रील बघतात ते इन्स्टाग्राम, ही तिन्ही एकाच मालकाची. २०२१ पासून त्या कंपनीचे नाव मेटा आहे. आपल्याकडे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, इंटरनेट एकदम स्वस्त झाले आणि ही दुकाने गल्लोगल्ली पोचली.

आता साधा हिशेब करा. व्हॉट्सॲपला आपण एक पैसा देत नाही. मग ज्या वस्तूचे पैसे कोणी देत नाही ती १९ अब्ज डॉलरला घेणारा माणूस वेडा होता काय? तो वेडा नव्हता. २०२४ या एका वर्षात मेटा कंपनीला सुमारे १६४ अब्ज डॉलर मिळाले आणि त्यातले १६० अब्जांहून अधिक निव्वळ जाहिरातीचे होते. गिऱ्हाईक आपण नव्हेच, गिऱ्हाईक आहे जाहिरातदार. त्याला विकला जातो आपला वेळ, आपले लक्ष आणि आपल्याविषयीची माहिती.

टपालातल्या मंडळींना हे समजायला अवघड नाही. २००२ साली खात्याने मेघदूत पोस्टकार्ड काढले होते, ते आठवत असेल. साधे कार्ड पन्नास पैशांना आणि मेघदूत पंचवीस पैशांना. उरलेले पैसे कोण देत होते? कार्डाच्या पत्त्याच्या बाजूला ज्याची जाहिरात छापलेली असे तो देत होता. लिहिणाऱ्याला कार्ड स्वस्त पडे, जाहिरातदाराचा मजकूर घरोघर जाई, खात्याला उत्पन्न होई. यात लपवाछपवी काही नव्हती. जाहिरात डोळ्यांसमोर छापलेली असे आणि साबणवाल्याला हे ठाऊक नसे की कार्ड लिहिणारी आई आजारी आहे की मुलीचे लग्न ठरले आहे. कार्ड उघडे असूनही पोस्टमन कोणाचे गुपित विकत नसे. १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्यात तर टपालाची वस्तू उघडणाऱ्या किंवा अडवून ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याला कैदेची तरतूद होती. आपल्या खात्याच्या सव्वाशे वर्षांच्या इभ्रतीचा हा पाया आहे.

मोबाईलमधले टपाल वेगळ्या जातीचे. व्हॉट्सॲपच्या बाबतीत नीट बोलले पाहिजे, उगाच काहीही आरोप करू नये. २०१६ पासून तिथला मजकूर पाठवणारा आणि घेणारा या दोघांनाच वाचता येतो, मधल्या कंपनीला नाही, अशी व्यवस्था आहे. म्हणजे पाकीट बंद आहे. पण पाकिटाच्या बाहेरचे काय? कोण कोणाला, किती वाजता, किती वेळा पाठवतो, कोणत्या ग्रुपमध्ये आहे, फोन कोणता, नंबर कोणता, ही बाहेरची नोंद पाकीट न फोडताही करता येते. सॉर्टिंग करणाऱ्या आपल्या माणसाला हे सांगायला नको. वीस वर्षे एका बीटचे टपाल हाताळले की कोणाचे कोणाशी कसे आहे ते पत्त्यांवरूनच कळते. २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नवे धोरण आणले आणि मान्य करा नाहीतर चालते व्हा असा पवित्रा घेतला. त्यावर आपल्या देशाच्या स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी रुपयांचा दंड केला आणि पुढे प्रकरण अपिलात गेले. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर तर पाकीटही नाही. तुम्ही कशावर थांबलात, काय पुढे ढकललेत, कोणत्या रीलवर दोनदा परत आलात, सगळे टिपले जाते.

आता जाहिरातदार हे कसे वापरतो ते पाहू. दादर स्टेशनवरचा फलक घ्या. त्याचे भाडे जागेवर ठरते. लाखो लोक खालून जातात, पण कोणी पाहिला, कोणी नाही, पाहणारा कॉलेजचा पोरगा की पेन्शनर, हे फलकवाल्याला कळत नाही. फेसबुकवरचा फलक असा आहे की तो तुमच्यासाठी वेगळा आणि तुमच्या शेजारच्यासाठी वेगळा. तुम्ही पान उघडता त्या क्षणी तुमच्या डोळ्यांसमोरच्या जागेचा लिलाव होतो. माणसे बसून बोली लावत नाहीत, यंत्रच लावते. कोण किती पैसे देतो एवढेच त्यात पाहत नाहीत. तुम्ही त्या जाहिरातीवर बोट लावण्याची शक्यता किती, याचाही अंदाज त्यात धरतात. म्हणून कमी पैसेवाला पण तुमच्या नेमक्या गरजेवर बोट ठेवणारा जास्त पैसेवाल्याला हरवू शकतो. जाहिरातदार आधीच सांगून ठेवतो की मला अमुक शहरातली, अमुक वयाची, अमुक आवडीची माणसे पाहिजेत. हजार वेळा दाखवण्याचा दर वेगळा, बोट लावल्याचा दर वेगळा. गावातल्या चप्पलवाल्यालाही शे-दोनशे रुपयांत हे जमते, एवढे आम्ही प्रामाणिकपणे कबूल करतो. छोट्या धंदेवाल्याला याचा फायदा झाला आहे. पापड-लोणची करणाऱ्या कितीतरी बायका व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर ऑर्डरी घेतात आणि त्या पार्सलांचा धंदा आपल्याच टपालाला मिळतो. म्हणून मार्केटिंग हा शब्द ऐकला की लगेच मुठी आवळायची गरज नाही.

पण याच यंत्राची एक सोय अशी आहे की तिकडे कार्यकर्त्यांनी लक्ष दिलेच पाहिजे. जाहिरातदाराकडे फोन नंबरांची यादी असेल तर ती तो कंपनीला देतो. कंपनी ते नंबर आपल्या खातेदारांशी जुळवते आणि नेमक्या त्याच माणसांना जाहिरात दाखवते. त्याहून पुढे जाऊन, या यादीतल्या माणसांसारखी दिसणारी आणखी माणसे शोधून काढते. म्हणजे नंबरांची यादी हा आता माल झाला. जितकी यादी मोठी आणि खरी, तितका तिचा भाव.

आणि या देशात सगळ्यात मोठ्या, खऱ्या याद्या कोणाकडे आहेत? रेल्वेकडे आणि टपालाकडे! ऑगस्ट २०२२ मध्ये आयआरसीटीसीने एक निविदा काढली होती. प्रवाशांच्या माहितीतून पैसा कसा उभा करता येईल हे सांगायला सल्लागार नेमायचा होता आणि वर्तमानपत्रांतून एक हजार कोटी रुपयांच्या उत्पन्नाचा आकडा आला होता. नाव, वय, पत्ता, फोन, कोणत्या वर्गाने प्रवास, पैसे कसे भरले, एवढ्या तपशिलाचा अभ्यास त्यात अपेक्षित होता. देशभर ओरड झाली, संसदेच्या समितीने विचारणा केली आणि महिना संपायच्या आत निविदा मागे घेतली. मागे घेतली ही चांगली गोष्ट. पण हे कोणाच्या तरी डोक्यात आले होते, हे विसरून चालणार नाही. खिडकीवर बसून फॉर्म घेणाऱ्या बुकिंग क्लार्कवर विश्वास ठेवून प्रवासी आपले वय, पत्ता लिहून देतो. तो विश्वास आपल्या माणसाने कमावलेला आहे, कोणत्याही सल्लागार कंपनीने नव्हे. २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करायचे ठरले. टप्पे पुरे होईपर्यंत पहारा कोणी द्यायचा?

आता आपल्या घरात या. आमच्या माहितीतले एक सहकारी लोको शेडमधून निवृत्त झाले. ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, फंड, सगळे मिळून आयुष्यात प्रथमच खात्यावर मोठी रक्कम आली. त्याच महिन्यात त्यांच्या फोनवर दामदुपटीच्या जाहिराती सुरू झाल्या. शेअरचा सल्ला देणारा एक ग्रुप, त्यात रोज नफ्याचे फोटो टाकणारी शंभर माणसे. ही माणसे भाड्याची होती हे नंतर कळले. पहिल्यांदा पाच हजारांचे सहा हजार करून दिले, तेवढ्यावर विश्वास बसला आणि पुढचे आम्ही लिहीत नाही. त्यांना कोणी फितूर झाले असे वाटत होते, कचेरीतून यादी गेली असा त्यांचा संशय होता. तसे झाले असेल किंवा नसेलही. फेसबुकवर निवृत्तीच्या सत्काराचे हारतुऱ्यांचे चाळीस फोटो टाकले, तारीख, खाते, हुद्दा सगळे लिहिले, एवढे पुरेसे असते. ग्रॅच्युइटीची कमाल मर्यादा जानेवारी २०२४ पासून २५ लाख झाली, हे आपल्याला माहीत आहे तसे त्या टोळ्यांनाही माहीत आहे. पार्सल अडकले आहे, पत्ता अपुरा आहे, या लिंकवर भरा, असे टपाल खात्याच्या नावाचे खोटे मेसेज तर इतके झाले की खात्याला जाहीर इशारे द्यावे लागले. डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार या देशाच्या कोणत्याही कायद्यात नाही. असा फोन आला तर कापावा, आणि पैसे गेले असतील तर क्षणाचा उशीर न करता १९३० या नंबरावर कळवावे. पहिल्या तासाला फार किंमत असते, पैसा पुढे सरकायच्या आत अडवता येतो.

पोरांचे दुःख वेगळेच. रेल्वेच्या २०१९ च्या ग्रुप डी भरतीत सुमारे १ लाख ३ हजार जागांसाठी १ कोटी १५ लाखांहून अधिक अर्ज आले आणि परीक्षा झाली २०२२ मध्ये. तीन वर्षे पोरगा मोबाईल धरून बसला. मार्केटिंगवाल्याला यापेक्षा चांगले गिऱ्हाईक कुठले? ज्याने एकदा रेल्वे भरती असा शब्द शोधला त्याच्या मागे क्लासची जाहिरात लागली ती लागलीच. शंभर टक्के निवड, शेवटची संधी, आज रात्रीपर्यंत निम्मी फी. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने क्लासवाल्यांच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या, ते बरे केले. पण पदे रिकामी ठेवून उमेदवारांच्या रांगा वाढवायच्या आणि त्या रांगेला माल विकायचा, या दुकानदारीचे मूळ जाहिरातीत नाही, भरतीच्या दिरंगाईत आहे, हे सूचनांनी कसे सुटणार?

पैशाच्या ऑनलाइन खेळांबद्दल एकच वाक्य. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने त्यांच्या बंदीचा कायदा केला, पण तोवर नटांच्या आणि क्रिकेटवाल्यांच्या हसऱ्या तोंडाच्या जाहिराती पाहून रनिंग रूममध्ये कितीकांचा पगार पत्त्यांच्या त्या खेळात गेला, ते तिथल्या स्वयंपाक्यालाही माहीत आहे.

आता महागाई भत्त्याचे पाहा, कारण याबाबत शाखांकडे रोज फोन येतात. जानेवारी २०२० ते जून २०२१ या अठरा महिन्यांचे तीन हप्ते सरकारने गोठवले. जुलै २०२१ पासून भत्ता वाढवून चालू केला, पण थकबाकी दिली नाही आणि देणे शक्य नसल्याचे संसदेत सांगितले. आपली मागणी आजही कायम आहे. पण यूट्यूबवर बघा, दर आठवड्याला थकबाकी मंजूर! लाल अक्षरे, पंतप्रधानांचा फोटो, नोटांच्या थप्प्या. आत दहा मिनिटे बडबड आणि शेवटी, मित्रांनो, निर्णय अजून व्हायचा आहे. असे का करतात? यूट्यूबवर हजार वर्गणीदार आणि वर्षभरात चार हजार तास पाहिले गेले की जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळू शकतो आणि लांब व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के बनवणाऱ्याला जातात. तुम्ही ज्या आशेने ते बघता त्या आशेचे तो पैसे करतो. खरी बातमी दोन ओळींची असते, तिच्यात जाहिराती मावत नाहीत. आम्ही वर्षानुवर्षे वाटाघाटीच्या टेबलावर बसून जे मिळत नाही असे सांगतो, ते एक पोरगा घरी बसून मंजूर करतो आणि सभासद आम्हालाच विचारतात, तुम्ही झोपलात काय!

आणखी एक दुखणे टपालवाल्यांचे आहे आणि हळूहळू रेल्वेतही येत आहे. आता कर्मचाऱ्यालाच मार्केटिंगवाला केले जाते. काही कचेऱ्यांतून तोंडी हुकूम सुटतो की योजनेचे पोस्टर आपल्या खाजगी फोनच्या स्टेटसला लावा, नातेवाईकांना पाठवा, स्क्रीनशॉट ग्रुपवर टाका. न टाकणाऱ्याची नावे लाल रंगात येतात. टपाल विम्याचे आम्ही वैरी नाही. १८८४ पासूनचा तो विमा आहे, चांगलाच आहे, आम्ही स्वतः त्याची शिफारस करतो. पण फोन माझा, रिचार्ज माझा, नातेवाईक माझे आणि वेळ विश्रांतीची, मग हे काम कोणत्या नियमात बसते? रेल्वेत तर कामाचे तास आणि विश्रांती यांचे नियमच आहेत. रात्री अकराला ग्रुपवर आलेला आदेश हा ड्युटीचा आदेश की गप्पा? ड्युटीचा असेल तर लेखी द्या आणि तास धरा.

तर मग फोन फेकून द्यायचा काय? तसे कोणी म्हणत नाही. मालक जे हत्यार वापरतो ते कामगाराने शिकून घ्यावे, ही आपली जुनी रीत आहे. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या ॲमेझॉनच्या गोदामात १ एप्रिल २०२२ रोजी कामगारांनी मतदानातून युनियन जिंकली, २,६५४ विरुद्ध २,१३१. त्यांनी टिकटॉकवर छोटे व्हिडिओ केले, आपले म्हणणे मांडले, लोकवर्गणी इंटरनेटवर जमवली. पण त्याच कामगारांनी बसथांब्यावर शेकोटी पेटवून पाळी सुटलेल्या माणसांशी समोरासमोर बोलण्यात महिने घातले, हेही तितकेच खरे. ८ मे १९७४ चा संप ज्या पिढीने केला तिच्याजवळ मोबाईल नव्हता. गेट मीटिंग होती, लाईनवरून पायी फिरणारा कार्यकर्ता होता. लाईक म्हणजे हजेरी नव्हे. ज्याने अंगठा दाखवला तो मोर्चाला येतोच असे नाही, हे गेल्या पाच-सात वर्षांत सगळ्याच शाखांनी पाहिले आहे.

ग्रुपच्या शिस्तीबद्दलही बोलले पाहिजे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे आले, अशा अफवेने भिक्षेकरी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्या उन्हाळ्यातल्या अशा घटनांनंतर एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडण्याची मर्यादा व्हॉट्सॲपने भारतात घातली. आपल्या शाखांच्या ग्रुपवरही आलेले तसेच पुढे ढकलणारे काही महाभाग आहेत. शिवाय आचारनियम विसरू नयेत. रेल्वेसाठी १९६६ चे आणि टपालासाठी १९६४ चे आचारनियम आहेत. सरकारवरची टीका आणि कार्यालयीन माहिती बाहेर देणे याबद्दल त्यांत कलमे आहेत आणि ग्रुपवर लिहिलेले कोणी ना कोणी साहेबाच्या टेबलावर पोचवतोच. युनियनच्या ठरावातून, युनियनच्या नावाने बोलले तर संरक्षण आहे. एकट्याने रात्री रागाच्या भरात लिहिले तर आरोपपत्राला उत्तर देताना आम्हालाच कसरत करावी लागते.

म्हणून येत्या कौन्सिलपुढे आम्ही काही गोष्टी मांडणार आहोत. शाखेच्या ग्रुपची नंबरांची यादी कोणत्याही विमा एजंटाला, प्लॉटवाल्याला, क्लासवाल्याला मिळता कामा नये, मग तो आपलाच माजी पदाधिकारी का असेना. ज्या ग्रुपवर परिपत्रके जातात तिथे दोघा-तिघांनीच लिहावे आणि प्रत्येक बातमीवर पत्राचा क्रमांक व तारीख असावी. क्रमांक नाही तर बातमी नाही. निवृत्तीला तीन महिने उरलेल्या सभासदांची, घरच्या माणसांसह, एक बैठक घ्यावी आणि सत्काराचा फोटो टाकायच्या आधी ही बैठक व्हावी. रेल्वेत पीएनएममध्ये आणि टपालात खात्याच्या बैठकीत दोन मुद्दे नोंदवावेत: खाजगी फोनवर जाहिरात करण्याची सक्ती बंद, आणि प्रवासी किंवा ग्राहकांची माहिती विकण्याचा कोणताही प्रस्ताव संघटनांना विचारल्याशिवाय नको.

ठरावाचा कच्चा मसुदा सर्व शाखांकडे रवाना केला आहे. दुरुस्त्या शाखेच्या शिक्क्यानिशी लेखी पाठवाव्यात. व्हॉट्सॲपवर पाठवल्या तरी वाचू, पण नोंद टपालाने आलेल्याचीच होईल.